मीटरवर १२० आलं, म्हणजे पाणी चांगलं?

मे महिन्यात जालना जिल्ह्यातल्या आजोळी गेले होते. मावशीच्या ओट्यावर वीस लिटरचा निळा जार होता आणि शेजारी पेनाएवढं एक मीटर. जार आणून देणारा पोरगा ते भेट म्हणून देऊन गेला होता. मावशीने पेल्यात पाणी ओतलं, मीटर बुडवलं आणि आकडा माझ्यापुढे धरला.

"एकशेवीस. बोअरचं धरलं तर साडेनऊशे दाखवतंय. जारवाला म्हनला, ह्यात इख न्हाई. खरंय का गं?"

गावोगावच्या महिलांना पाणी तपासायचं किट शिकवायला मी गेली काही वर्षं जाते. हा प्रश्न मला बीडमध्ये भेटलाय, हिंगोलीत भेटलाय, धाराशिवमध्येही भेटलाय. मावशीला मी लगेच हो किंवा नाही म्हणू शकले नाही. दोन दिवस राहिले, सोबत आणलेलं किट उघडलं आणि आम्ही दोघींनी मिळून पाणी तपासलं. ते तपासताना तिला जे समजावून सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

आपल्याकडे पाण्याचं माप टँकरने चटकन कळतं, म्हणून दहा हजार लिटरचा एक टँकर डोळ्यांपुढे आणा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. टँकरचा हिशेब केला तर ते झाले पाच किलो. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे टँकरमागे साडेचारशे ग्रॅम. फ्लोराइड फार तर दीड मिलिग्रॅम चालतं. टँकरमागे पंधरा ग्रॅम. आणि आर्सेनिक? लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. अख्ख्या टँकरमध्ये ग्रॅमचा दहावा भाग. स्वयंपाकात घालतो त्या चिमूटभर मिठापेक्षाही कमी.

आता मावशीचं मीटर काय करतं ते बघू. त्याच्या टोकाला धातूच्या दोन काड्या असतात. पाण्यातून त्यांच्यामध्ये वीज किती सहज वाहते, एवढंच ते मोजतं. क्षार जास्त तर वीज जास्त वाहते. त्या वाहण्याला एका ठरावीक आकड्याने गुणून ते 'टीडीएस', म्हणजे लिटरमागे एकूण विरघळलेले क्षार, म्हणून दाखवतं. कोणता क्षार आहे, हे त्याला कळत नाही. मीठ असो, चुना असो की नायट्रेट, त्याच्यासाठी सगळे सारखेच. ज्वारीचं पोतं तोलायच्या काट्यावर नाकातली चमकी ठेवली तर काटा हलेल का? पाच किलो क्षारांच्या गर्दीत ग्रॅमचा दहावा भाग आर्सेनिक या मीटरला तसंच दिसत नाही. ते दुप्पट झालं, दहापट झालं, तरी आकडा जागचा हलत नाही.

आणि बोअरचे साडेनऊशे? ते बहुतेक आपल्या काळ्या पाषाणातून आलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्याच पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. त्यात तूर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या आत पांढरा थर बसतो. चव मचूळ लागते. त्रासदायक आहे, पण ते विष नव्हे. दुसरा स्रोतच नसेल तर मानक एकूण क्षार २,००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे ९५० वाचून घाबरायचं कारण नव्हतं आणि १२० वाचून निर्धास्त व्हायचंही नव्हतं. खरा प्रश्न त्या मीटरने विचारलेलाच नव्हता.

सोमल, बंगाल आणि आपला काळा पाषाण

आर्सेनिकच्या पांढऱ्या भुकटीला मराठीत सोमल म्हणतात. जुन्या गोष्टींत राजाच्या दुधात कालवतात तो हाच. पाण्यात तो असला तर रंग बदलत नाही, वास येत नाही, चव लागत नाही. पाणी उकळून तो जात नाही. उलट वाफ निघून गेली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. फ्लोराइड आणि नायट्रेटचंही तसंच आहे. "आम्ही उकळून पितो" हे जंतूंवरचं उत्तर आहे, या तिघांवरचं नाही.

पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतून रुग्ण यायला लागले. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय खरखरीत आणि टणक. कारण निघालं हातपंपाचं पाणी. पलीकडे बांगलादेशात तर गोष्ट फारच करुण आहे. तळ्या-नद्यांचं पाणी पिऊन लेकरं हगवणीने दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून सरकार आणि युनिसेफने गावोगाव उथळ नलिकाविहिरी घेतल्या. हेतू पूर्ण चांगला. जंतू तपासले गेले, आर्सेनिक तपासायचं कुणाच्या मनातच आलं नाही. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात या प्रकाराला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं. साडेतीन ते पावणेआठ कोटी माणसं धोक्यात असल्याचा अंदाज त्यात होता. आर्सेनिक एका दिवसात मारत नाही. वर्षानुवर्षं घोट घोट आत जातं आणि पुढे त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच ते कळायला उशीर होतो.

तिथे ते आलं कुठून? हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाचे कण असतात आणि त्या कणांना आर्सेनिक चिकटून बसलेलं असतं. याच गाळात कुजलेला पालापाचोळाही गाडला गेलेला असतो. जमिनीखालचे जीवाणू तो खाताना तिथला प्राणवायू संपवतात. प्राणवायू संपला की लोहाचे कण विरघळू लागतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. कारखाना नाही, फवारणी नाही. हा जमिनीच्या पोटातला नैसर्गिक व्यवहार आहे.

मराठवाड्याखाली असा गाळ नाही. आपल्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. पाणी खडकाच्या भेगांतून आणि मुरमातून वाहतं, आणि त्यात बहुधा प्राणवायू असतो. शिवाय आपल्या भूजलात नायट्रेट बरंच आहे. नायट्रेट शिल्लक आहे तोवर जीवाणू सहसा लोहाकडे वळत नाहीत. त्यामुळे बंगाल-बिहारसारखा आर्सेनिकचा व्यापक प्रश्न आपल्याकडे नोंदलेला नाही. पण म्हणून डोळे मिटून घ्यावेत असंही नाही. कठीण खडकातही आर्सेनिक सापडतं. छत्तीसगडच्या राजनांदगाव भागात सापडलंय, कर्नाटकात सोन्याच्या खाणींच्या पट्ट्यात सापडलंय, कारण सोन्याच्या खनिजासोबत आर्सेनिकचं खनिज असतं. दगडी कोळशाच्या राखेतही ते असतं. माझं मत विचाराल तर आपल्या प्रत्येक सार्वजनिक स्रोताची आर्सेनिक तपासणी एकदा तरी व्हावी, आणि औद्योगिक वसाहत किंवा राखेचा तलाव जवळ असेल तर पुन्हा पुन्हा व्हावी.

पांढऱ्या कागदावरचा पिवळा ठिपका

शेतात बसून आर्सेनिक कसं पकडतात, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. हिचं मूळ विषप्रयोगाच्या खटल्यांत आहे. १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञाने आर्सेनिकचं वायूत रूपांतर करून ते पकडायची रीत काढली. आजच्या किटमध्ये तीच रीत सोपी होऊन बसली आहे.

बाटलीत पाणी घ्यायचं. त्यात एक आम्ल आणि जस्ताची पूड टाकायची. बुडबुडे उठतात, तो हायड्रोजन. पाण्यात आर्सेनिक असेल तर हायड्रोजन त्याला सोबत घेऊन वायू बनवतो, त्याचं नाव आर्सिन. बाटलीच्या झाकणात पाऱ्याच्या एका क्षारात भिजवून वाळवलेली कागदी पट्टी असते. आर्सिन वर चढून तिला लागला की पांढरा कागद पिवळा होतो. जास्त असेल तर केशरी, मग तपकिरी. दहा-वीस मिनिटं थांबायचं आणि पट्टीचा रंग छापील रंगपट्टीशी जुळवायचा. पाण्यात गंधकाचा वायू असेल, कुजक्या अंड्याचा वास येत असेल, तर तोही कागद काळवंडवतो. म्हणून त्याला आधीच अडवण्याची सोय किटमध्ये असते. ही पायरी घाईत गाळायची नाही. आर्सिन स्वतः विषारी आहे आणि पट्टीवर पारा आहे, त्यामुळे हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून करायचं. पट्टी लेकरांच्या हाती लागू द्यायची नाही.

अडचण शेवटच्या पायरीवर आहे. आपली ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे लिटरला १० मायक्रोग्रॅम. १० आणि २५ मायक्रोग्रॅम यांच्यातला फरक म्हणजे कोऱ्या कागदातला आणि किंचित पिवळट कागदातला फरक. सकाळच्या उन्हात एकीला तो पिवळा दिसतो, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दुसरीला पांढराच वाटतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी वेगळं. आणि मनाचाही भाग असतो. ज्या हापशावर स्वतःचं घर पाणी भरतं, त्याची पट्टी कुणालाही पांढरीच दिसावीशी वाटते.

बांगलादेशात २००० च्या सुमारास अशा किटनी जवळपास ५० लाख नलिकाविहिरी तपासल्या गेल्या. त्या देशाची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, आपल्या पाचपट. तिच्यावर गेलेल्या सुमारे १४ लाख विहिरींच्या तोंडाला लाल रंग दिला, बाकीच्यांना हिरवा. जाधवपूर विद्यापीठातल्या संशोधकांनी याच काळात दाखवून दिलं की या किटच्या निकालांत दोन्ही बाजूंनी चुका होत्या: चांगल्या विहिरीला लाल आणि वाईट विहिरीला हिरवा. वाईट विहिरीला हिरवा रंग लागणं ही चूक जास्त घातक, कारण तिथे माणसं निश्चिंत होऊन वर्षानुवर्षं पाणी भरतात. तरीही त्या रंगांचा उपयोग झाला. आर्सेनिकचं प्रमाण दोन शेजारी विहिरींतही खूप वेगळं असतं, त्यामुळे लाल विहिरीवरची कितीतरी घरं चार पावलं चालून शेजारच्या हिरव्या विहिरीवर जायला लागली.

डिजिटल यंत्र नेमकं या डोळ्याच्या जागी बसतं. रसायन तेच राहतं. यंत्राच्या आत एक छोटा दिवा असतो, ठरावीक रंगाचा, आणि समोर प्रकाश मोजणारा सेन्सर. पट्टी किंवा रंग आलेलं पाणी दोघांच्या मध्ये येतं. रंग जितका गडद तितका प्रकाश जास्त शोषला जातो, आणि किती शोषला यावरून यंत्र आकडा काढतं. आधी कोरं पाणी घालून शून्य धरायचं असतं, तराजूच्या रिकाम्या पारड्याचा पासंग बघतात तसं.

काही पद्धतींत हेच काम मोबाइलचा कॅमेरा करतो. त्यात एक मेख आहे. मोबाइल फोटो सुंदर दिसावा म्हणून स्वतःच रंग बदलतो. पिवळट उजेडात काढलेला कागद तो पांढरा करून दाखवतो. लग्नाच्या फोटोसाठी ते छान आहे, पाण्यासाठी घातक. म्हणून चांगल्या पद्धतीत ठरावीक रंगांचे चौकोन छापलेलं कार्ड पट्टीशेजारी ठेवून फोटो काढतात, किंवा बंद डबीत यंत्राच्याच दिव्याने उजेड देतात. ॲप त्या चौकोनांवरून उजेडाचा हिशेब दुरुस्त करतं. नुसता साधा फोटो काढून 'ॲपने सांगितलं' म्हणणारी पद्धत मी तरी स्वीकारणार नाही.

डिजिटल पद्धतीचा दुसरा फायदा मला आकड्याहून मोठा वाटतो. नमुना कुठल्या हापशाचा, अक्षांश-रेखांश काय, तारीख-वेळ काय, हे सगळं निकालासोबत नोंदवलं जातं. पूर्वी वहीत 'मारुतीच्या देवळाजवळचा बोअर' असं लिहिलेलं असायचं. देवळाजवळ तीन बोअर असतात.

यंत्र जिथे थांबतं

आता जे सांगते ते प्रशिक्षणात सगळ्यांत कमी वेळ मिळणारं आणि सगळ्यांत महत्त्वाचं.

पाणी कुठून घेतलं? बोअर सुरू केला आणि पहिल्या धारेला बाटली लावली, तर ते पाइपात रात्रभर मुरलेलं पाणी असतं. मोटार पाच-दहा मिनिटं चालू द्यायची, मग घ्यायचं. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची. फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली, काचेची नको, कारण फ्लोराइड काचेशी खेळतं. जंतूंसाठी मात्र निर्जंतुक बाटली लागते. ती विसळायची नाही आणि झाकणाला आतून बोट लावायचं नाही.

रसायनांची मुदत बघायची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो आणि किटची पेटी पत्र्याच्या खोलीत कपाटावर पडलेली असते. उकाड्याने मेलेलं रसायन रंग देत नाही. रंग नाही म्हणून यंत्र शून्य दाखवतं. शून्य वाचून सगळ्यांना बरं वाटतं. अशी शून्यं मी पाहिली आहेत, आणि नंतर ताज्या रसायनाने तेच पाणी गुलाबी झालेलंही पाहिलंय. उपाय सोपा आहे: ज्याचं प्रमाण आधीच माहीत आहे असं एक पाणी प्रत्येक वेळी सोबत तपासायचं. ते बरोबर आलं तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.

काचेच्या नळीवर बोटांचे ठसे असतील, ओरखडे असतील किंवा पाणी गढूळ असेल, तरी प्रकाश अडतो आणि यंत्राला तो रंग वाटतो. आकडा यंत्राच्या टप्प्याबाहेर गेला तर पाण्यात ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी मिसळून पुन्हा मोजतात. मग नमुन्याइतकंच पाणी मिसळलं तर आलेल्या आकड्याची दुप्पट करायची असते. ती करायची राहून जाते.

आणखी एक गोष्ट आपल्या गावांत हमखास घडते. सकाळी जलसुरक्षक दादा टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकतात, ते त्यांचं कामच आहे. फ्लोराइडच्या काही तपासण्यांत लाल रंगाचं द्रावण असतं आणि फ्लोराइडने त्याचा रंग उतरतो. पण क्लोरीननेही रंग उतरतो, जसा साडीचा उतरतो. मग क्लोरीनच फ्लोराइड म्हणून नोंदलं जातं. तुरटी फिरवलेल्या पाण्यात याच्या उलट होतं: तुरटीतलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला पकडून ठेवतं आणि आकडा कमी येतो. नमुना टाकीतून न घेता थेट स्रोतातून घ्यावा, याचं हेही एक कारण. जाता जाता सांगते, क्लोरीनचा अडथळा मारण्यासाठी यातल्या काही जुन्या द्रावणांत आर्सेनिकचाच एक क्षार घातलेला असतो. पाणी तपासून झालं की ते द्रावण हापशाच्या कट्ट्यावर ओतू नका. वेगळ्या डब्यात साठवून प्रयोगशाळेला परत द्या.

या सगळ्यामुळे शेतातल्या तपासणीकडे मी चाळणी म्हणून बघते. संशयित पाणी वेगळं काढायचं आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा. तिथे आर्सेनिकसाठी वेगळी, कितीतरी सूक्ष्म मोजणारी यंत्रं असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांत आहेत आणि नाममात्र शुल्कात सामान्य माणसाचा नमुनाही तिथे तपासून मिळतो. हे आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

आपल्या पाण्याला विचारायचे प्रश्न

मग मराठवाड्यात आधी काय तपासायचं? माझा क्रम असा: जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, मग आर्सेनिक.

नायट्रेट येतं आपल्याच अंगणातून. युरिया, उकिरडा, गोठा, शौचालयाचा शोषखड्डा. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालात महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपलीकडे होतं. मोठ्या माणसाला ते लगेच जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला मात्र धोका असतो: नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते आणि ओठ-नखं निळसर पडतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला ही भीती नाही. पावडरचं दूध बोअरच्या पाण्यात कालवून देतात त्या बाळाला आहे. किटमध्ये नायट्रेटची तपासणी सगळ्यांत देखणी: नायट्रेट असेल तर पाणी गुलाबी होतं, जास्त असेल तर डाळिंबी.

फ्लोराइडचा प्रश्न जागेजागेचा आहे. नांदेडच्या पूर्वेला देगलूर, बिलोली, किनवटकडे काळा पाषाण संपतो आणि ग्रॅनाइटचा जुना खडक वर येतो. त्या खडकातून फ्लोराइड सुटतं. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसायला लागले की पाण्याकडे बघायचं. पुढे सांधे आखडतात, कंबर वाकते. दुष्काळात आपण पाण्याच्या मागे खाली खाली जात राहिलो, सहाशे, आठशे फुटांपर्यंत. खडकात जास्त काळ मुरलेलं पाणी तितकं जास्त विरघळवून आणतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तशा दिवसांत मिळेल ते पाणी पिणाऱ्याला आपण काय म्हणणार? पण त्या दिवसांत घेतलेले खोल बोअर आजही चालू आहेत आणि त्यांतले कितीतरी एकदाही तपासलेले नाहीत. फ्लोराइडवर तुरटी आणि चुन्याची एक स्वस्त पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली. ती तेलंगणातल्या नलगोंड्याच्या नावाने, नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. नायट्रेटवर मात्र घरगुती उपाय नाही. स्रोत बदलायचा, नाहीतर आरओ.

जंतूंची तपासणी सगळ्यांत स्वस्त आहे आणि तिला यंत्रही लागत नाही. किटमधल्या, आत तपासणीचं औषध असलेल्या छोट्या बाटलीत पाणी खुणेपर्यंत भरायचं आणि घरातल्या उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं की त्यात विष्ठेतून आलेले जीवाणू असल्याचा संशय धरायचा. पाण्यात क्लोरीन उरलं आहे का हे बघायची ओटी टेस्ट तर गावात सगळ्यांना माहीत आहे.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना किट शिकवायचं ठरलं आहे, आणि निकाल मोबाइलवरून देशाच्या पोर्टलवर जातात. ही व्यवस्था मला मनापासून पटते. माझं दुःख वेगळं आहे. आकडा गावातून दिल्लीच्या पोर्टलवर पोचतो, पण शेजारच्या गल्लीत पोचत नाही. ज्या बाईने तपासलं तिला ठाऊक असतं, ग्रामसेवकाला ठाऊक असतं, आणि हापशावर घागर लावून उभ्या असलेल्या बाईला नसतं. बांगलादेशात रंगाचा डबा आणि ब्रश पुरला होता. आपल्याकडेही पाहणीनंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात; ते कार्यालयात राहतं. तेच रंग प्रत्येक हापशाच्या कट्ट्यावर, तारखेसकट, का नसावेत?

मावशीच्या घरी आम्ही चार तपासण्या केल्या. बोअरच्या पाण्यावरची आर्सेनिकची पट्टी वीस मिनिटांनीही कोरीच राहिली. मावशी ती उन्हात धरून किती वेळ बघत होती. फ्लोराइड ०.७ आलं. नायट्रेटची नळी मात्र बघता बघता डाळिंबी झाली आणि यंत्राने टप्प्याबाहेर गेल्याची खूण दाखवली. नमुन्याइतकंच ऊर्ध्वपातित पाणी मिसळून पुन्हा मोजलं, दुप्पट केलं, तेव्हा ८६ आलं. बोअरपासून गोठा पंधरा पावलांवर आहे आणि त्याच्यामागे शोषखड्डा.

जारचं पाणी आम्ही जंतूंच्या बाटलीत भरून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनेच ती उचलली. पाणी शाईसारखं काळं झालं होतं. जारमध्ये भरतात त्या आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, आणि जार आतून नीट धुतला नसेल तर मीटरवर १२० येऊनही हे होतं.

"म्हंजे मीटर खोटं बोललं न्हाई," मावशी म्हणाली. "आपुन त्याला इचारलंच न्हवतं."

शेजारच्या सुनेचं बाळ तीन महिन्यांचं आहे आणि त्याला वरचं दूध चालू आहे, मावशीच्याच बोअरच्या पाण्यात, उकळून. त्या संध्याकाळी आम्ही वेशीजवळच्या आडाचं पाणी तपासलं: नायट्रेट १८. बाळासाठी तिथलं पाणी आणायचं आणि उकळूनच द्यायचं असं ठरलं. बोअरच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली मी बर्फाच्या डब्यात घालून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने जालन्याला प्रयोगशाळेत नेली. मावशीने त्याआधीच खडू घेऊन बोअरच्या पेटीवर लिहून ठेवलं होतं: लेकराला देऊ नये. खाली तारीख.